साबण, शाई आणि टेलिफोनची तार: जर्मन ताब्यातल्या फ्रान्समधील अपरिचित माणसे

प्रश्न थोडक्यात असा आहे: दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यात असलेल्या फ्रान्सविषयी वाचताना लंडनहून बोलणारे जनरल द गोल, रूळ उखडणारे तरुण आणि शत्रूशी हातमिळवणी करणारे व्हिशी सरकार यांच्यापलीकडे फारसे काही हाती लागत नाही. मग त्या चार वर्षांत सामान्य माणसे कशी जगत होती, आणि त्यांच्यापैकी ज्यांनी विरोध केला त्यांच्या फारशा न सांगितल्या गेलेल्या कथा कोणत्या?

मी तीस वर्षे फ्रेंच भाषा शिकवते आहे, आणि त्यातला बराच काळ त्या दिवसांतली पत्रे, दाखले, पत्रके आणि साक्षी यांचे अनुवाद करण्यात गेला आहे. या कागदांच्या सहवासात माझे जे मत बनले ते आधीच सांगते. जर्मनांनी फ्रान्स रणगाड्यांनी जिंकला, पण तो चालवला रेशनकार्ड, ओळखपत्र, जनगणनेचा अर्ज, टपाल, तार, रेल्वेचे वेळापत्रक आणि कोळशाचा रोजचा उतारा यांच्या जोरावर. ही सगळी यंत्रणा फ्रेंच कारकून, हवालदार, तंत्रज्ञ, खाणकामगार आणि परिचारिका यांच्याच हातात होती. म्हणून विरोधाची फार मोठी आणि फार कमी सांगितली गेलेली बाजू अशी, की माणसांनी स्वतःचा धंदा, स्वतःच्या हातातले कसब तेवढे वापरले, आणि तेही बहुतेकदा बंदूक न उचलता.

पार्श्वभूमी चटकन सांगते. १४ जून १९४० रोजी जर्मन फौजा पॅरिसमध्ये शिरल्या आणि २२ जूनला शस्त्रसंधीवर सह्या झाल्या. उत्तर फ्रान्स आणि अटलांटिकची किनारपट्टी जर्मन लष्कराकडे गेली, दक्षिणेकडचा भाग मार्शल पेताँ यांच्या व्हिशी सरकारकडे राहिला, आणि नोव्हेंबर १९४२ मध्ये तोही जर्मनांनी ताब्यात घेतला. व्याप्त भागातली घड्याळे बर्लिनच्या वेळेवर लावण्यात आली. अठरा लाखांच्या आसपास फ्रेंच सैनिक युद्धकैदी होऊन जर्मनीत गेले होते, त्यामुळे लाखो घरांतला कर्ता पुरुषच नव्हता. जर्मन सैन्याच्या मुक्कामाचा खर्च म्हणून फ्रान्सकडून दिवसाला ४० कोटी फ्रँक वसूल होत होते, आणि मार्कचा दर २० फ्रँक असा चढा ठरवल्यामुळे जर्मन शिपाई खिशातल्या पगारावर दुकानेच्या दुकाने रिकामी करू शकत होता.

साहजिकच त्या काळातल्या कोणाही बाईच्या आठवणी ऐकल्या, तर पहिली गोष्ट निघते ती रांगेची. वय आणि कष्टाच्या कामाप्रमाणे प्रत्येक माणसाला एक अक्षर मिळाले होते. तीन वर्षांखालचे मूल वेगळ्या वर्गात, शेतकरी वेगळ्या, अंगमेहनत करणारा वेगळ्या, म्हातारा वेगळ्या. प्रौढ माणसाला सुरुवातीला रोज ३५० ग्रॅम पाव मिळत असे, तो १९४१ मध्ये २७५ ग्रॅमवर आला. पाव ताजा विकायला बंदी होती, कारण ताजा पाव जास्त खाल्ला जातो. मी ही रेशनकार्डे हाताळली आहेत. एकेक कुपन टपालाच्या तिकिटापेक्षाही लहान असते, आणि वाण्याने ते कात्रीने कापून घ्यायचे असा नियम असल्यामुळे वापरलेल्या कार्डाच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या दिसतात. बटाटा नाहीसा झाला आणि त्याच्या जागी आजवर गुरांपुढे टाकले जाणारे रुताबागा आणि तोपिनांबूर हे कंद ताटात आले. त्या पिढीतल्या कित्येकांनी युद्धानंतर उभ्या जन्मात त्यांना हात लावला नाही. ज्यांचे कोणी खेड्यात होते ते तगले, कारण गावाकडच्या नातेवाइकांनी शहरातल्या माणसांना खाण्याचे पार्सल पाठवण्याची परवानगी होती. १९४२ या एका वर्षात अशी १ कोटी ३० लाखांहून अधिक पार्सले गेली.

ज्यांना पार्सल पाठवणारे कोणीच नव्हते त्यांच्याविषयी मात्र फ्रान्सही अनेक दशके बोलला नाही. मनोरुग्णालयातल्या माणसांना ठरलेल्या रेशनबाहेर काही मिळण्याचा मार्ग नव्हता, आणि त्या रेशनवर माणूस जगत नाही. युद्धाच्या वर्षांत फ्रान्सच्या मनोरुग्णालयांत ४० हजारांहून अधिक रुग्ण भूक आणि तिच्यातून आलेले आजार यांनी दगावले. थोर शिल्पकार कामिय क्लोदेल यांचे आव्हिन्योंजवळच्या अशाच एका रुग्णालयात १९ ऑक्टोबर १९४३ रोजी निधन झाले.

याच काळात मध्य फ्रान्सच्या डोंगराळ लोझेर जिल्ह्यातल्या सँ-आल्बाँ या खेड्यात, जुन्या किल्लेवजा वाड्यात भरणाऱ्या मनोरुग्णालयात जे घडले ते मला या सगळ्या इतिहासातले फार मोलाचे वाटते. तिथे फ्रान्सेस्क तोस्केयेस नावाचे कॅटलन डॉक्टर होते. स्पेनच्या यादवीत फ्रँकोविरुद्ध लढून ते फ्रान्समध्ये पळून आले होते आणि निर्वासितांच्या छावणीतून त्यांना इथे आणले गेले होते. पुढे ल्युसियाँ बोनाफे हे डॉक्टरही तिथे आले. या मंडळींनी रुग्णांना कोंडून ठेवण्याऐवजी दारे उघडली. रुग्ण आसपासच्या शेतांवर कामाला जाऊ लागले, विणकाम करून त्याच्या बदल्यात लोणी आणि बटाटे आणू लागले, आणि जंगलातल्या कोणत्या अळंब्या खाण्याजोग्या व कोणत्या विषारी, हे त्यांना शिकवले गेले. क्षयरोग्यांना सरकारी नियमानुसार जास्त रेशन मिळत असे, म्हणून रुग्णालयात क्षयरोग्यांचा विभाग उघडण्यात आला. त्याच भिंतीआड जखमी भूमिगत लढवय्ये आणि पळालेले ज्यू लपत होते. १९४३-४४ च्या हिवाळ्यात कवी पोल एल्युआर हेही तिथेच दडून होते. इतर रुग्णालयांत माणसे भुकेने मरत असताना सँ-आल्बाँमधली माणसे जगली. पुढे फ्रान्समध्ये मनोरुग्णांच्या उपचारांची जी नवी पद्धत रुजली, तिची मुळे या अळंब्या वेचण्यात आहेत, हे तिथले डॉक्टर स्वतःच सांगत असत.

भुकेतून संघर्षही उभा राहिला. बेल्जियमच्या सीमेवरचा नॉर आणि पा-द-काले हा कोळसापट्टा तर थेट ब्रुसेल्सच्या जर्मन लष्करी अंमलाखाली टाकला होता. तिथल्या खाणीत कामाची पाळी लांबवली होती, मजुरी गोठवली होती, मांस मिळत नव्हते आणि साबण मिळत नव्हता. साबणाची मागणी वरवर किरकोळ वाटते, म्हणून थोडे थांबते. खाणीतून वर आलेल्या माणसाच्या कातडीत, पापण्यांच्या कडांत आणि नखांखाली कोळशाची बारीक पूड बसते. ती नुसत्या पाण्याने निघत नाही. साबण नसेल तर तो माणूस तसाच काळा घरी येतो, तसाच निजतो, अंथरूण आणि मुलांचे कपडेही काळे होतात, आणि ते धुवायलाही साबण नसतो. म्हणजे ही मागणी जितकी खाणकामगाराची, तितकीच त्याच्या बायकोची होती.

२७ मे १९४१ रोजी दूर्ज कंपनीच्या दाहोमे नावाच्या खाणीत काम थांबले आणि संप वणव्यासारखा पसरला. जूनच्या पहिल्या आठवड्यात सुमारे एक लाख खाणकामगार संपावर होते. सगळ्या व्याप्त युरोपात एवढे मोठे संप फारच थोडे झाले. पकडापकड सुरू झाल्यावर पुरुषांना खाणीच्या तोंडाशी उभे राहणे अशक्य झाले, तेव्हा बायका पुढे आल्या. त्या वाटा अडवून उभ्या राहत आणि कामावर निघालेल्याला परत पाठवत. शेवटी पाळी बदलण्याच्या वेळेस बायकांनी घराबाहेर पडू नये असा हुकूम जर्मनांना काढावा लागला. तीन मुलांची आई असलेल्या एमिलिएन मोप्ती यांनी बायकांचे मोर्चे नेले. शेकडो कामगार पकडले गेले आणि अडीचशेच्या आसपास जर्मनीत धाडले गेले. त्यांतले पुष्कळ परतलेच नाहीत. १० जूनच्या सुमारास संप मोडला, पण जर्मनांचा जवळपास पाच लाख टन कोळसा बुडाला होता. मोप्ती पुढे भूमिगत कामात पडल्या, १९४२ मध्ये पकडल्या गेल्या, आणि १८ जानेवारी १९४३ रोजी कोलोनच्या तुरुंगात त्यांचा शिरच्छेद करण्यात आला. भाकरी आणि साबण मागणाऱ्या बायकांना "राजकीय" समजायला इतिहासकारांनी फार उशीर लावला, असे मला मनापासून वाटते.

आता कागदांकडे येते. ज्यूंच्या ओळखपत्रावर लाल शिक्का मारला जाई, आणि तो शिक्का असलेला माणूस रस्त्यावरच्या कोणत्याही तपासणीत पकडला जाऊ शकत होता. त्यामुळे खोटे ओळखपत्र म्हणजे अक्षरशः जीव. या कामात आदोल्फो कामिन्स्की हे नाव आज थोडेफार ऐकू येते, पण त्यांची विद्या कुठून आली हे क्वचितच सांगितले जाते. रशियन ज्यू आईबापांचा हा मुलगा १९२५ मध्ये ब्यूनस आयर्सला जन्मला आणि नॉर्मंडीतल्या व्हीर गावात वाढला. शाळा सुटल्यावर तो एका रंगाऱ्याकडे कामाला लागला. सैनिकी कोट रंगवून साधे करायचे, कपड्यांवरचे डाग काढायचे, हे ते काम. त्यात रसायनांचा असा नाद लागला की एका दूधकेंद्रातल्या रसायनतज्ज्ञाकडेही तो शिकू लागला. तिथे शेतकऱ्यांनी आणलेल्या सायीचा कस पाहण्यासाठी तिच्यात मिथिलीन ब्लू नावाचा निळा रंग टाकत आणि सायीतले लॅक्टिक आम्ल तो रंग किती वेळात उडवते हे मोजत. मुलाने ते पाहून मनात ठेवले.

१९४३ मध्ये हे कुटुंब पॅरिसजवळच्या द्राँसी इथे, ज्यूंना कोंडण्याच्या छावणीत डांबले गेले, पण अर्जेंटिनाचे नागरिकत्व असल्यामुळे सुटले. पॅरिसमध्ये भूमिगत कार्यकर्त्यांशी गाठ पडली तेव्हा त्यांनी आपली अडचण सांगितली: ओळखपत्रावरची वॉटरमन कंपनीची निळी शाई काही केल्या निघत नाही. त्या शाईत मुख्य रंग मिथिलीन ब्लू आहे हे कामिन्स्कीला ठाऊक होते. त्याने लॅक्टिक आम्ल वापरायला सांगितले, आणि शाई उडाली. अठरा वर्षांचा तो मुलगा तिथेच प्रयोगशाळेचा प्रमुख होऊन बसला. सँ-पेर रस्त्यावरच्या माळ्यावरची ती खोली बाहेरच्यांना चित्रकारांचा स्टुडिओ म्हणून माहीत होती. सायकलच्या चाकापासून त्याने गरगर फिरणारे यंत्र बनवले, छायाचित्रावरून ठसे पाडले आणि नव्या कागदाला जुनेपण आणले. एकदा तीनशे मुलांसाठी तीन दिवसांत नऊशे कागद तयार करण्याची वेळ आली. तासाला तीस कागद होतात, म्हणजे मी एक तास झोपलो तर तीस माणसे मरतील, असा हिशेब करून तो जागा राहिला आणि शेवटी ग्लानी येऊन पडला. या कामासाठी त्याने कधी पैसे घेतले नाहीत. जानेवारी २०२३ मध्ये, वयाच्या ९७ व्या वर्षी, पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले.

पण खोट्या कागदासाठी दर वेळी प्रयोगशाळा लागत नसे. दक्षिणेकडच्या द्रोम जिल्ह्यातल्या द्यलफी या लहान गावात नगरपालिकेची तरुण सचिव जान बार्निए हिने खरे शिक्के वापरून खोट्या नावांची ओळखपत्रे आणि रेशनकार्डे करून दिली. गावातल्या बोव्हालों या निवासी शाळेत मार्गरीत सूबेरान आणि त्यांच्या सहकारी शिक्षिकांनी ज्यू मुले दडवली. जेमतेम तीन हजार वस्तीच्या त्या गावात हजारावर परागंदा माणसे राहून गेली आणि एकालाही कोणी पकडून दिले नाही. शेजारपाजारच्या एवढ्या लोकांनी चार वर्षे तोंड बंद ठेवणे ही गोष्ट मला कोणत्याही घातपातापेक्षा कमी वाटत नाही.

पोलिसांविषयी लिहिताना हात जड होतो. १६ आणि १७ जुलै १९४२ रोजी पॅरिस आणि परिसरात १३,१५२ ज्यू पकडले गेले, त्यांत चार हजारांवर मुले होती, आणि पकडणारे फ्रेंच पोलीस होते. मात्र त्याच आठवड्यात पूर्वेकडच्या नाँसी शहरात वेगळे घडले. तिथल्या परदेशी नागरिकांच्या नोंदणी विभागाचे प्रमुख एदुआर व्हिन्यरों आणि त्यांचे सहायक पिएर मारी यांना १९ जुलैच्या धरपकडीची खबर आदल्या दिवशी लागली. ज्या यादीवरून माणसे पकडायची ती यादी त्यांच्याच विभागाची होती. त्यामुळे कोण कुठे राहतो हे त्यांच्या माणसांना पाठ होते. हे पोलीस घरोघर गेले आणि आज रात्री घरी झोपू नका, असे सांगून आले. ज्यांना दक्षिणेकडे जायचे होते त्यांना त्यांनी शिक्का नसलेली ओळखपत्रे दिली. पकडायच्या सुमारे ३८५ माणसांपैकी ३२ च हाती लागली. मी हे उदाहरण पॅरिसच्या पोलिसांचे पाप हलके करण्यासाठी देत नाही, उलट त्याने ते अधिकच ठसते. वेगळे वागणे शक्य होते आणि ते कसे करायचे हे त्या खात्यातल्या माणसांना चांगले कळत होते.

रने कार्मिय यांच्याविषयी लोक मोठ्या खात्रीने बोलतात, तिथे जरा सावध राहावे. हे लष्करी हिशेबतपासनीस व्हिशीच्या राष्ट्रीय सांख्यिकी खात्याचे प्रमुख होते, आणि आज प्रत्येक फ्रेंच नागरिकाला असलेल्या सामाजिक सुरक्षा क्रमांकाचा मूळ आराखडा त्यांचा. १९४१ च्या जनगणनेत ज्यू असल्याची माहिती ज्या रकान्यात यायची, तो भोके पाडून माहिती नोंदवण्याच्या यंत्रकार्डांवर त्यांनी उतरवूच दिला नाही, असे सांगतात. गुप्त सैन्यभरतीसाठी त्यांनी याद्या तयार ठेवल्या, फेब्रुवारी १९४४ मध्ये ते पकडले गेले आणि जानेवारी १९४५ मध्ये जर्मनीतल्या दाखाऊच्या छळछावणीत वारले, हे खरे आहे. पण ते अर्ज गोळा करणारेही त्यांचेच खाते होते, आणि रकान्याची गोष्ट किती जाणूनबुजून झाली यावर अभ्यासकांचे एकमत नाही. मला त्यांच्याविषयी आदर आहे, तरी त्यांना निष्कलंक नायक म्हणून उभे करणे मला पटत नाही.

टपाल आणि तार खात्यातली माणसे मात्र विनाकारण विसरली गेली. पॅरिस ते बर्लिन जाणारी लांब पल्ल्याची टेलिफोनची तार जमिनीखालून मेत्समार्गे जात होती, आणि जर्मन लष्करातले वरिष्ठ तिच्यावरून मोकळेपणाने बोलत, कारण रेडिओसारखे ते हवेतून ऐकता येत नव्हते. रोबेर केलर हे त्याच तारांच्या देखभालीचे अभियंते होते. एप्रिल १९४२ मध्ये पॅरिसच्या पूर्वेला न्वाझी-ल-ग्राँ इथे त्यांनी आणि त्यांच्या मोजक्या साथीदारांनी दुरुस्तीच्या नावाखाली ही तार उघडली, तिच्यातल्या तारांच्या डझनावारी जोड्यांना एकेक करून जोड दिला आणि ती शाखा जवळच भाड्याने घेतलेल्या घरात नेली. चालू संभाषणात खंड पडता कामा नये आणि प्रवाहातला फरकही तपासणी करणाऱ्याला कळता कामा नये, अशी ती शस्त्रक्रिया होती. त्या घरात बसलेली माणसे कित्येक महिने जर्मन संभाषणे ऐकून टिपत राहिली आणि ती माहिती लंडनला पोहोचत राहिली. डिसेंबर १९४२ मध्ये केलर पकडले गेले, आणि १९४५ मध्ये बेर्गन-बेल्झनच्या छावणीत त्यांचा अंत झाला. त्याच खात्यातल्या सिमोन मिशेल-लेव्ही यांनी टपालाच्या थैल्या आणि तारा यांतून निरोपांचे जाळे उभारले होते. १९४३ मध्ये त्यांना अटक झाली. पुढे जर्मनांच्या छळछावणीच्या दारूगोळा कारखान्यात जुंपल्यावर तिथेही त्यांनी आणि दोन सोबतिणींनी यंत्र बिघडवले, आणि १३ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनब्युर्गच्या छावणीत तिघींना फाशी दिली गेली. त्या छावणीची सुटका दहा दिवसांनी झाली.

टपालावर पाळत होती, हे ध्यानात घेऊनच समाजसेविका मारी-रोझ जिनेस्त यांची सायकल समजून घ्यावी लागते. ऑगस्ट १९४२ मध्ये माँतोबाँचे बिशप तेआस यांनी ज्यूंच्या छळाचा निषेध करणारे पत्र लिहिले आणि येत्या रविवारी ते आपल्या हद्दीतल्या सर्व चर्चमध्ये वाचायचे ठरवले. हे पत्र टपालाने गेले तर पोहोचणार नाही, असे जिनेस्तबाईंनी बिशपना स्पष्ट सांगितले आणि स्वतः सायकलवर बसल्या. टायर मिळेनासे झाले होते, ऑगस्टचे ऊन होते, तरी चार दिवसांत त्यांनी गावोगावच्या पाद्र्यांच्या हाती प्रती दिल्या. ३० ऑगस्टला ते पत्र वाचले गेले. ती सायकल आज जेरुसलेमच्या याद व्हाशेम स्मारकात आहे.

रोझ व्हालाँ यांचे नाव आता फ्रान्समध्ये बरेच माहीत झाले आहे, पण त्यांची पद्धत सांगण्याजोगी आहे. खेड्यातल्या लोहाराची ही मुलगी पॅरिसच्या ज्यू द पोम या संग्रहालयात वर्षानुवर्षे बिनपगारी काम करत होती. १९४० च्या शरद ऋतूत जर्मनांनी ज्यू कुटुंबांकडून लुटलेली चित्रे तिथे आणायला सुरुवात केली. नाझी नेता गोरिंग स्वतः वीसएक वेळा येऊन हवी ती चित्रे निवडून गेला. व्हालाँ यांना राहू दिले गेले, कारण त्या साध्या, अबोल आणि निरुपद्रवी दिसत. त्यांना जर्मन कळते हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. कचऱ्याच्या टोपलीतले कार्बन कागद वाचून, छायाचित्रांच्या निगेटिव्ह रात्री घरी नेऊन आणि सकाळी जागच्या जागी ठेवून, पेट्या कोणत्या गावी जाणार हे चालकांच्या बोलण्यातून टिपून, त्यांनी चार वर्षे नोंद ठेवली. ऑगस्ट १९४४ मध्ये १४८ पेट्या घेऊन निघायच्या गाडीचा क्रमांक त्यांनी कळवला, आणि रेल्वे कामगारांनी ती गाडी नाना बिघाड काढून पॅरिसच्या हद्दीतच अडकवून ठेवली. २७ ऑगस्टला ती ताब्यात घेणाऱ्या फ्रेंच तुकडीचा अधिकारी होता लेफ्टनंट आलेक्सांद्र रोझेनबेर्ग. त्याचे वडील पोल रोझेनबेर्ग पॅरिसमधले प्रसिद्ध चित्रविक्रेते, आणि त्या पेट्यांत त्यांच्याच संग्रहातली चित्रे होती.

या कथा वाचून सगळा देशच लढत होता असा समज होऊ नये. शेजाऱ्याविरुद्ध निनावी चिठ्ठ्या लिहिणारेही फ्रेंचच होते, आणि बहुसंख्य माणसे मान खाली घालून दिवस ढकलत होती. चार कोटींच्या देशात युद्धानंतर प्रतिकाराचे अधिकृत कार्ड मिळालेले लोक दोन-अडीच लाखांच्या आसपास होते. अर्थात पावाचे दोन तुकडे भिंतीआडच्या माणसाला देणाऱ्या बाईने असे कार्ड कधी मागितलेच नाही. द गोल यांनी दिलेल्या सर्वोच्च सन्मानाच्या १,०३८ मानकऱ्यांत बायका फक्त सहा आहेत. वर उल्लेखलेल्या सिमोन मिशेल-लेव्ही त्यांपैकी एक.

आपल्याकडच्या वाचकांनी पॅरिसला गेल्यास पश्चिमेच्या सुरेन या उपनगरात एक दुपार काढावी, असे मी आवर्जून सांगते. तिथे फजल मंझिल नावाचे घर आहे. सूफी संगीतकार हजरत इनायत खान यांचे ते घर. ते मूळचे बडोद्याचे, आणि त्यांचे आजोबा मौला बक्ष यांनी सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने बडोद्यात संगीतशाळा काढली होती. इनायत खान यांची मुलगी नूर याच घरात वाढली. जून १९४३ मध्ये ती ब्रिटिश गुप्त संघटनेची बिनतारी संदेशवाहक म्हणून विमानाने फ्रान्समध्ये उतरली, आणि काही दिवसांतच तिच्या गटाचे प्रमुख पकडले गेले. परत ये असा निरोप आला तरी ती गेली नाही, कारण मग पॅरिसहून लंडनला संदेश पाठवणारे कोणी उरले नसते. ऑक्टोबरमध्ये ती पकडली गेली आणि १३ सप्टेंबर १९४४ रोजी दाखाऊमध्ये तिला गोळी घालण्यात आली.

त्या घराच्या वरच्या अंगाला मों-व्हालेरियाँचा टेकडीवरचा किल्ला आहे, जिथे जर्मनांनी हजारावर माणसांना गोळ्या घातल्या. त्यांत केरळच्या किनाऱ्यावरच्या माहे या फ्रेंच वसाहतीतून पॅरिसला शिकायला आलेला मिशिलोत माधवन हा कम्युनिस्ट तरुण होता. त्याला मार्च १९४२ मध्ये फ्रेंच पोलिसांनी पकडून जर्मनांच्या हवाली केले, आणि एका हल्ल्याच्या सूडापोटी २१ सप्टेंबर १९४२ रोजी इतर पंचेचाळीस ओलिसांसह त्याला ठार करण्यात आले. तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता. पाँडिचेरीच्या राज्यपालांनी १९४० मध्येच द गोल यांची बाजू घेतलेली असल्यामुळे त्याचे गाव त्या दिवशी स्वतंत्र फ्रान्सच्या झेंड्याखाली होते. माळरानावरच्या चॅपेलसमोर एक मोठी काशाची घंटा आहे, तिच्यावर तिथे मारल्या गेलेल्यांची नावे आहेत. पॅरिसच्या सँ-लाझार स्थानकातून लोकल धरून सुरेन-मों-व्हालेरियाँ स्थानकावर उतरले की नूरचे घर आणि ती टेकडी, दोन्ही पायी होतात.